सात-बाऱ्यावर हरवलेली लेक

 आम्ही बोरिवलीच्या बचत गटातल्या बायका.

आमच्या गटाची बैठक महिन्यातून एकदा होते. वर्गणी जमा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले, सह्या झाल्या, की चहा होईपर्यंत अर्धा तास आम्ही गप्पांसाठी ठेवतो. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका ताईने वाचनालयातून एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणली होती. ती दर बैठकीला तिचा थोडा थोडा भाग सांगायची. एका मोठ्या घराण्यातली मुलगी लहानपणी धामधुमीत हरवते. दुसऱ्याच घरात वाढते. मोठी झाल्यावर तिला कळतं की आपला वाडा आहे, जमीन आहे, आणि ती चुलत्यांनी बळकावली आहे. मग गळ्यातला ताईत, जुन्या दाईची साक्ष, असं करत करत ती आपली ओळख पटवते आणि वाडा परत मिळवते. शेवट ऐकताना आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच बैठकीत कोपऱ्यात बसलेली एक मैत्रीण म्हणाली, "तिला ओळख पटवायची होती. मला तर माझ्या गावात सगळे ओळखतात. पोलीस पाटील ओळखतो, तलाठी ओळखतो, भाऊ तर ओळखतोच. तरी वडिलांच्या जमिनीवर माझं नाव नाही. आणि दिवाळीला आलीस की एका कागदावर सही कर, असा दादाचा फोन आला आहे."

टाळ्या थांबल्या. चहा निवला. त्या दिवसापासून आम्ही एक प्रश्न धरून बसलो: कादंबरीत होतं तसं खरंच कधी कुणा बाईच्या बाबतीत झालं आहे का? आपल्या मुंबईच्या इतिहासात बाईची मिळकत बाईकडे राहिली का? जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात आपल्या मुंबईपासूनच करू. हे शहर एका मुलीचं आंदण होतं, हे आपण शाळेत शिकलो. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाचा करार झाला आणि मुंबई बेट राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला मिळालं. कॅथरीनने मुंबई कधी पाहिली नाही. नवऱ्याने १६६८ साली हे बेट वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. म्हणजे मिळकत गेली बाईच्या लग्नात, आणि पुढे ती कुणाला द्यायची हे ठरवलं तिच्या नवऱ्याने.

त्या वेळी मुंबई बेटावर खरी मालकीणही होती, हे मात्र आम्हाला माहीत नव्हतं. तिचं नाव दोना इग्नेज द मिरांदा. पोर्तुगीज राजाने बेट ज्या घराण्याला लावून दिलं होतं, त्या घराण्यातली ही विधवा. आज जिथे टाऊन हॉल आहे त्याच्या मागच्या बाजूला तिचा मोठा वाडा होता. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी इंग्रजांनी बेटाचा ताबा घेतला, त्या कागदावर सह्या झाल्या त्या या मालकिणीच्या वाड्यात. दूरदेशीच्या दोन राजघराण्यांनी सोयरीक जुळवली आणि मालकिणीच्या घरात बसून तिच्या बेटाचा ताबा दुसऱ्याला दिला गेला.

आपलं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर त्या आंदणात नव्हतं. हा सगळा भाग साष्टी बेटाचा. इंग्रज म्हणत होते साष्टीही आंदणात आली, पोर्तुगीज म्हणाले नाही. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली. झेंडे बदलले, सारा घेणारे बदलले. लेकीच्या हक्काचं काय, हा प्रश्न मात्र घराघरात तिथंच राहिला.

या गोष्टीतून आम्ही एक खूणगाठ बांधली. बाईच्या हातून जाणारी मिळकत वेगळी आणि बाईच्या नावावरची मिळकत वेगळी. आंदण, हुंडा, हक्कसोड या सगळ्यांत मिळकत बाईच्या हातून जाते. तिच्या नावावर राहते ती मिळकत शोधायला निघालो, तेव्हा आम्हाला आपल्याच मुंबईतली रखमाबाई भेटली.

रखमाबाईंचं नाव आपण पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक म्हणून ऐकतो. बालपणीच्या लग्नाला नकार देणारी म्हणूनही ऐकतो. पण त्यांच्या गोष्टीत मिळकत होती, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग, सुतार समाजातले. रखमा अडीच वर्षांचीही नसेल तेव्हा वडील वारले. आई जयंतीबाई तेव्हा सतरा वर्षांची. वडिलांनी मृत्युपत्र करून आपली मिळकत बायकोच्या नावे ठेवली होती. आज आपण ज्याला कागद करून ठेवणं म्हणतो, ते त्या माणसाने केलं होतं.

काही वर्षांनी जयंतीबाईंनी दुसरं लग्न केलं. त्यांच्या समाजात विधवेच्या लग्नाला आडकाठी नव्हती. नवरा डॉ. सखाराम अर्जुन, मुंबईतले नामांकित वैद्यकतज्ज्ञ आणि वनस्पतींचे अभ्यासक. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. १८५६ च्या विधवा विवाहाच्या कायद्याने विधवेला लग्न करायला मोकळीक दिली, पण त्यात एक मेख होती. दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क साधारणपणे संपायचा. जयंतीबाईंनी लग्नाआधी ती मिळकत आपल्या लेकीच्या नावावर केली. आठ-साडेआठ वर्षांची रखमा स्वतःच्या नावावर मिळकत असलेली मुलगी झाली. आईने लेकीला दिलेलं हे खरं माहेर.

मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण या भागात हिंदूंच्या वारशाबाबत नीळकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' हा सतराव्या शतकातला ग्रंथ न्यायालयं विशेष मानत. देशात इतर बहुतेक ठिकाणी मुलीला वडिलांची मिळकत मिळाली तरी ती तिच्या हयातीपुरती असायची. मुंबई इलाख्यात मुलगी ती पूर्ण मालकीने घ्यायची. पण केव्हा? घरात मुलगा नसेल, विधवा नसेल, तेव्हा. भाऊ असला की बहिणीचा नंबरच लागायचा नाही. रखमा एकुलती एक होती आणि आई ठाम होती, म्हणून तिला मिळालं.

अकराव्या वर्षी रखमाचं लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाशी झालं. तो सावत्र वडिलांच्या नात्यातला. घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं, काहीतरी बनायचं, असं ठरलं होतं. त्याचं शिक्षणात मन रमलं नाही. आई वारल्यावर तो मामाकडे राहायला गेला. तिथलं वातावरण बरं नव्हतं, कर्ज वाढलं. इकडे रखमा सावत्र वडिलांच्या घरी पुस्तकं वाचत होती, सभांना जात होती, डॉक्टर व्हायचं मनात धरत होती. १८८४ साली दादाजीने वकिलामार्फत कळवलं, बायकोला नांदायला पाठवा. तिने नकार दिला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं.

इथे मिळकतीचा विषय पुढे येतो. दादाजीच्या बाजूने म्हटलं गेलं की रखमाबाईची आई आणि आजोबा तिला पाठवत नाहीत, कारण ती गेली तर वडिलांची मिळकत मागेल. रखमाबाईंच्या बाजूने सांगितलं गेलं की या लोकांचा डोळाच मिळकतीवर आहे, मुलगी घरात आली की मिळकतही येईल आणि कर्ज फिटेल. म्हणजे दोन्हीकडचे एकमेकांना हेच म्हणत होते की तुम्हाला मुलगी नको, तिची मिळकत हवी. आणि ज्या बाईच्या नावावर ती मिळकत होती, ती म्हणत होती, मला या माणसाबरोबर राहायचं नाही. कायद्याने मिळकत तिची. पण नांदायला गेलेल्या बाईच्या मिळकतीची किल्ली कुणाच्या कमरेला लटकते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. नांदायला येण्याची सक्ती करण्याचा हा प्रकार इंग्लंडच्या कायद्यातून आला आहे, आणि जे लग्न मुलीच्या समजत्या वयात झालेलं नाही त्याला तो लावणं बरोबर नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ. या निकालावर वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ झाला. टिळकांच्या 'केसरी'ने निकालाला विरोध केला. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने पत्रं छापून आली. ती रखमाबाईंनीच लिहिली होती. बालविवाह मुलीचं शिकणं कसं मारतो आणि तिचं आयुष्य कसं संपवतो, हे त्यात होतं.

१८८६ मध्ये वरच्या पीठाने तो निकाल फिरवून खटला परत पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं: महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तेव्हा रखमाबाई बावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी कळवलं की तुरुंग पत्करेन.

तुरुंगात जावं लागलं नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने २००० रुपये घेतले आणि दावा सोडला. मैत्रिणींनो, आपल्या गटात आपण कर्जाचा हिशेब मांडतो ना? तसा हा हिशेब मांडा. बाईने स्वतःला सोडवून घेण्यासाठी पैसे मोजले. मिळकतीशिवाय, माणसांच्या आधाराशिवाय हे झालं असतं का? जिच्या नावावर काहीच नव्हतं, अशा त्या काळातल्या दुसऱ्या मुलीला नकार देणं जमलं असतं का?

१८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला, मदत जमवली. १८९४ पर्यंत डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि सुरतेला, पुढे राजकोटला बायकांच्या इस्पितळात त्यांनी मिळून तीस-पस्तीस वर्षं काम केलं. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

ही तारीख आम्ही मुद्दाम सांगतो. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा लागू झाला आणि भाऊ असलेल्या मुलीलाही वडिलांच्या मिळकतीत वाटा मिळाला. जे रखमाबाईंना आईच्या ठामपणामुळे मिळालं, ते कायद्याने प्रत्येकीचं व्हायला सुरुवात झाली.

सुरुवात झाली, असंच म्हणायला हवं. कारण पुढचा रस्ता लांब होता. त्याआधी १९३७ मध्ये डॉ. गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नाने झालेल्या कायद्याने विधवेला वाटा दिला, पण हयातीपुरता. लेकीला काही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात लेकीचा हक्क मांडला. ते बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

१९५६ च्या कायद्यात काय राहून गेलं, ते एका हिशेबाने सांगतो. समजा वडिलोपार्जित जमीन सहा एकर. एक मुलगा, एक मुलगी, आई हयात नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले. जुन्या पद्धतीने आधी बाप आणि मुलगा यांची वाटणी मानायची: तीन आणि तीन. मग बापाच्या तीन एकरांत मुलगा आणि मुलगी निम्मे-निम्मे. मुलाला झाले साडेचार एकर, मुलीला दीड. मुलगा जन्माने वाटेकरी, मुलगी बाप गेल्यावर. शिवाय राहत्या घराची वाटणी मागायचा हक्क मुलीला नव्हता. भावांनी वाटणी करायची ठरवली तरच तिला तिचा हिस्सा.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला जन्माने वाटेकरी केलं, पण त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. म्हणजे आमच्या आया आणि मोठ्या बहिणी बाहेरच राहिल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर कायदा बदलला. लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलाइतकीच वाटेकरी. राहत्या घराची अडचणही काढून टाकली. आता त्या सहा एकरांत तीन त्याचे, तीन तिचे. तरी वाद उरला, की २००५ साली वडील हयात नसतील तर काय? ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, वडील त्या दिवशी हयात असायलाच हवेत असं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मोडता येत नाही.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख बहिणींना लागू आहे. आमच्या गटात ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि मुसलमान मैत्रिणीही आहेत. ख्रिस्ती बहिणींना १९२५ च्या वारसा कायद्याने मुलाइतकाच वाटा आहे. मुसलमान बहिणींचा वाटा त्यांच्या शरियतप्रमाणे ठरलेला आहे, भावाच्या निम्मा, पण तो ठरलेला आहे आणि मागता येतो. आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या पाड्यांवरच्या वारली बहिणींचं तसं नाही. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, त्यांनी वकिलाचा सल्ला घेऊनच पुढे जावं.

इतके कायदे झाले, मग आमच्या मैत्रिणीचं नाव जमिनीवर का नाही? कारण कायदा मुंबई-दिल्लीत बदलला तरी नाव गावच्या दप्तरात लागावं लागतं. वडील गेले की वारस नोंद होते, फेरफार होतो, मग सात-बाऱ्यावर नावं चढतात. त्या वेळी लेक मुंबईत चाळीत किंवा झोपडपट्टीत असते. भाऊ गावात असतो. नावं सांगणाराही तोच. नाव लागलंच तर पुढे हक्कसोडपत्र येतं. राखीच्या नाहीतर भाऊबिजेच्या दिवशी, साडीबरोबर. बहीण सही करते. तिला वाटतं, वाटा मागितला तर माहेर तुटेल.

ही भीती खोटी नाही. आमच्यापैकी कितीतरी जणींनी अशी सही केली आहे. काहींनी मनापासून केली, भाऊ खरंच अडचणीत होता म्हणून. त्यांना आम्ही चुकीचं म्हणत नाही. पण काहींना कागदावर काय लिहिलं आहे तेही वाचून दाखवलं नव्हतं.

गावाकडे वेगळंही घडलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. पुरुषांनी ठरवलं तर होतं, हे त्यातून दिसलं. आमच्या घाटकोपर-मुलुंडकडे झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर नवरा-बायको दोघांच्या नावे असतं. त्या एका ओळीमुळे कितीतरी जणींना घरातून बाहेर काढणं अवघड झालं. नाव कागदावर असलं की बोलण्यात बळ येतं, हे आम्ही रोज पाहतो.

आता आमच्या मैत्रिणीचं सांगतो. तिने सही करावी की करू नये, हे आम्ही तिला सांगितलं नाही. तो तिचा आणि तिच्या भावाचा प्रश्न. आम्ही एवढंच केलं, की बैठकीत मोबाइलवर तिच्या गावचा सात-बारा काढला आणि मोठ्याने वाचला. त्यावर वडिलांचं नाव होतं, अजून वारस नोंदच झालेली नव्हती. मग ती दादाला फोनवर म्हणाली, "दादा, आधी आपल्या दोघांची नावं लागू देत. मग काय द्यायचं-घ्यायचं ते मी आई-बापाच्या उंबऱ्यावर बसून ठरवीन." दादा दोन मिनिटं गप्प राहिला. मग म्हणाला, "ये तर खरी."

ती दिवाळीला गेली. भांडण झालं नाही, पण वहिनी आधीसारखी मोकळी बोलली नाही, असं ती म्हणाली. अर्ज तलाठ्याकडे गेला, मृत्यूचा दाखला जोडला, वारसांत दोघांची नावं लिहिली. फेरफार अजून व्हायचा आहे. वाटा ठेवायचा की सोडायचा, हे तिने अजून ठरवलेलं नाही. पण आता सोडला तर तो तिने दिलेला असेल.

म्हणून मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत वहीचं काम झालं की एक काम करा. प्रत्येकीने माहेरचा आणि सासरचा सात-बारा किंवा घराचा उतारा बघावा. शहरात असाल तर मिळकत पत्रिका. वडील किंवा नवरा गेलेले असतील तर वारस नोंदीत तुमचं नाव आहे का ते पाहा. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो घरी आणा, गटात वाचा. अडलं तर तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

कादंबरीतल्या मुलीला ताईत दाखवून ओळख पटवावी लागली. आपल्याला ती गरज नाही, आपल्याला सगळे ओळखतात. कागदाने तेवढी ओळख दाखवायची बाकी आहे. रखमाबाईच्या आईने ते दीडशे वर्षांपूर्वी केलं. आपण आपल्या लेकींसाठी करू.